दोनशे चौदा लाल रेघा

"व्हिडिओ एमपीफोर आहे, कुठंही चालंन. काकांनी लिहिलेलं मात्र वर्डमध्ये हाय," नितेश म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. "आहे, मॅडम. आहे."

ज्योत्स्नाबाईंनी आज आपल्या जुन्या विद्यार्थ्याला टोकलं नाही. त्या अकोल्यातल्या त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह घेऊन आल्या होत्या. त्यांचे पती नागसेन जाऊन चार महिने झाले होते. त्यांच्या आठवणी नातवंडांसाठी छापायच्या होत्या.

नितेशनं आधी व्हिडिओ लावला. नागसेन खुर्चीत बसून बोलत होते. "मी सात वर्षांचा होतो. बाबानं मले मोर्शीच्या बाजारात नेलं..."

व्हिडिओतच कॅमेऱ्यामागून बाईंचा आवाज आला. "मले नाही. मला."

नागसेन हसले. "राहू दे मंग," म्हणाले आणि उठले. अठरा सेकंद. पुन्हा ते कधी कॅमेऱ्यासमोर बसले नाहीत. एका बोटानं टाइप करत राहिले.

त्यांचा आवाज तेवढाच उरला होता. बाईंनी तो तीनदा लावायला सांगितला.

मग दुसरी फाइल उघडली. एकतीस पानं, आणि जागोजागी शब्दांखाली लाल रेघा. पस्तीस वर्षं मराठी शिकवताना बाईंच्या पेनानं अशाच रेघा मारल्या होत्या.

"छापायले पीडीएफ लागंन, मॅडम. पीडीएफमध्ये मंग सुधारणं कठीण. वर्डमध्ये आहे तोवरच सुधारून घेऊ."

बाई काही बोलायच्या आत त्यानं दोन शब्द टाकले आणि बटन दाबलं. "झालं! दोनशे चौदा 'मले'चे 'मला' झाले. अरे बाप्पा, कमलेशदादाचा बी 'कमलाश' झाला!"

बाईंना हसू आलं. मुलाच्या नावाचं हे झालेलं पाहून नागसेन केवढ्यानं हसले असते. त्या पहिलं पान वाचू लागल्या. 'बाबानं मला मोर्शीच्या बाजारात नेलं.' त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग पुन्हा. वाक्य शुद्ध होतं. पण त्यात आता नागसेन बोलत नव्हते.

"नितेश, हे मागे घेता येतं?"

"येते ना. पण साऱ्या चुका परत येतीन."

"येऊ दे."

लाल रेघा पानभर परतल्या. बाई चष्मा सावरून पडद्याजवळ वाकल्या आणि ओठ हलवत ती ओळ वाचत राहिल्या.

"आता पीडीएफ कर," त्या म्हणाल्या. "मले हे असंच पाहिजे."