दहा घोड्यांची पैज

“दहा घोडे वाढले तर मी शार्लटला जाईन, पप्पा. नऊ वाढले तर इथेच राहीन. चेओकाका साक्षीला आहेत.”

एलादिओने नाक मुरडलं. “असल्या नळीने घोडे वाढत नसतात, पोरी. आवाज वाढतो. पंचवीस वर्षं बोंबलून सांगतोय.”

चेओचं गॅरेज सालिनासला, मोटारशर्यतीच्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर. गाडी रोलरवर चढवायची, पट्ट्यांनी बांधायची, जागच्या जागी पळवायची. इंजिनात किती घोड्यांची ताकद आहे ते संगणक सांगतो. बेटावरच्या निम्म्या भांडणांचा निकाल याच रोलरवर लागतो. आज या बापलेकीचा लागायचा होता.

समुद्रापार शार्लटच्या एका मोटारशर्यतीच्या संघाने लेकीला, यारेलिसला, इंजिनाच्या कामावर बोलावलं होतं. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. एलादिओची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ग्वायामाचं गॅरेज आणि घर दोघंच चालवत. त्याला साखरेचा आजार होता आणि गोळ्या तो हटकून विसरायचा. पोरीला ते पत्र आल्यापासून त्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. जीव कुणात अडकलाय हे तोंडाने सांगायची त्या घरात रीत नव्हती.

पैज तिचीच. बाहेरची गार हवा थेट इंजिनाला देणारी नळी तिने स्वतः घडवली होती.

“गार हवा दाट असते, पप्पा. दाट हवेत पेट्रोल जास्त जळतं.”

“आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर काय गवत खातात? बोनेटखाली सगळी भट्टी. तुझी नळी तीच गरम हवा ओढणार.”

लाल दोनदारी गाडी त्याने भर दुपारच्या उन्हात ग्वायामाहून दामटत आणली होती. आल्या आल्या ती रोलरवर चढवली.

“थोडी थंड होऊ दे ना,” यारेलिस म्हणाली.

“रस्त्यावर काय बर्फात बुडवून चालवतो का आपण?”

गाडीच्या तोंडाशी ठेवायचा चेओचा मोठा पंखाही त्या दिवशी नेमका रुसला होता. नळी न लावता, हवेच्या जुन्या डब्यावरच तीन खेपा झाल्या. पडद्यावर आकडा आला: दोनशे एकोणीस.

“आता बसव तुझं खेळणं,” म्हणत एलादिओने चेओला दंडाला धरून कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं. दोघांनी गरम तळलेल्या आल्कापुरिया खाल्ल्या, कॉफी घेतली, दुसरी घेतली. पाऊण तासाने परतले तेव्हा नळी बसली होती. यारेलिस कपाळाचा घाम पुसत उभी होती.

चेओने पंख्याचं बटण दाबलं आणि तो भणभणत सुरू झाला.

“हे काय!” यारेलिस पुढे झाली. “मघाशी बंद होता, मग आताही बंदच हवा. बरोबरी नको का, काका?”

“अगं, आत्ताच तर वायर जोडली. तुझ्या हट्टापायी इंजिन जाळू का?”

“मग जुना डबा परत लावा, पुन्हा मोजा!”

“पुरे झालं,” एलादिओ म्हणाला. “चालव रे, चेओ.”

गाडी गुरगुरली. एलादिओने कान दिला. “आवाजसुद्धा नाही हिचा! लोकांच्या नळ्या निदान डरकाळी तरी फोडतात.”

यारेलिस ओठ दाताखाली धरून पडद्याकडे बघत राहिली.

दोनशे तीस.

“अकरा!” चेओ ओरडला. “एलादिओ, नाक कापलं गेलं तुझं!”

एलादिओने टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पोरीला घट्ट मिठीत घेतलं. “जा मग. तोंड काळं कर,” तो म्हणाला. यारेलिस हमसून हमसून रडली. आनंदाने रडतेय, असं चेओला वाटलं.

दहा दिवसांनी एलादिओ तिला पिकअपमधून सान हुआनच्या विमानतळावर सोडून आला. दारातून आत जाईपर्यंत ती गोळ्यांच्या वेळाच सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेओ पावाची पिशवी घेऊन ग्वायामाला आला. एलादिओ लाल गाडीचं बोनेट उघडून बसला होता.

“पंखा तू मला बंद ठेवायला लावलास,” चेओ म्हणाला. “तापलेल्या इंजिनाचा आकडा पाडलास. नंतर गाडी गार होईस्तोवर मला कॉफी पाजत बसलास. सरळ मोजलं असतं तर पोर हरली असती.”

“म्हणूनच तर.” एलादिओने पाना उचलला. “हरली असती तर इथे माझ्या गोळ्या मोजत म्हातारी झाली असती. नुसतं जा म्हटलं असतं तर गेली असती का? जिंकली म्हणून ताठ मानेने गेली.”

“आणि तू?”

“मी काय! घर खायला उठतं, पण बरं वाटतं. तिच्या मनासारखं झालं.”

नळी हत्यारांच्या भिंतीवर टांगायची होती, म्हणजे रोज नजरेसमोर राहिली असती. त्याने पट्टी सैल करून टोकाचा फिल्टर ओढला.

आत यारेलिसच्या कामाच्या निळ्या शर्टाची बाही होती: नळीचं निम्मं तोंड बुजेल अशी घट्ट कोंबलेली, आणि इंजिनात ओढली जाऊ नये म्हणून तारेने नीट बांधलेली.