हा पासवर्ड आधीच वापरात आहे

प्रोग्रामरनं लाल अक्षरं पुन्हा एकदा वाचली. 'हा पासवर्ड आधीच वापरात आहे.'

फॉर्म त्याचाच होता. निदान आठ अक्षरं हवीत, एक आकडा हवा, दोन्ही चौकटींत सारखंच हवं, हे सगळं त्यानं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं. वर अक्कल पाजळून आणखी एक नियम घातला होता : ऑफिसातल्या दोघांचा पासवर्ड एकच नको. मग तपासून बघायला बायकोचं लाडाचं नाव टाकलं. झुबकुली, आणि पुढे एक. आकडा मागितला की सगळे एकच लावतात.

पण झुबकुली? हा शब्द जगात नव्हताच. त्यानं तो स्वतःच्या डोक्यातून काढलेला, लग्नानंतर घराबाहेर कधी उच्चारलाही नव्हता. मग हा चोर कोण? फॉर्म नुसतं हो की नाही एवढंच सांगायचा. कुणाचा काय, ते मुख्य ऑफिसलाच ठाऊक.

सेल्समन! बायको संध्याकाळी त्याला न्यायला आली की हाच पुढे पुढे करायचा. मत्सरानं प्रोग्रामरच्या अंगाचा तिळपापड झाला. डबाही तसाच राहिला.

"तुम्ही जेवला नाहीत?" हिशेब बघणाऱ्या बाईंनी विचारलं. एकट्या राहणाऱ्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"भूक नाही, बाई."

संध्याकाळी बायको आली. सेल्समन खुर्ची घेऊन धावला. "बसा वहिनी. साहेबांचा खरा संसार त्या कॉम्प्युटरशीच!"

बायको खळखळून हसली. तेवढं पुरे झालं. प्रोग्रामरनं सेल्समनची कॉलर धरली.

"झुबकुली हा तुझा पासवर्ड ना?"

"झुब... काय?" सेल्समन बावचळला.

"सोंग नको! माझ्या बायकोला मी ठेवलेलं नाव तुला कळलंच कसं? हिनंच सांगितलं असणार!"

"अरे, लोकांसमोर काय हे?" बायको कळवळून म्हणाली. "मी कुण्णाला नाही सांगितलं."

"मग याला स्वप्न पडलं? खरं काय ते बोल, नाहीतर आपला संसार आज इथंच संपला!"

बायको रडायला लागली. कुणी जागचं हललं नाही. हिशेबाच्या टेबलामागून बाई तेवढ्या उठल्या.

"सोड त्याला," त्या म्हणाल्या. "पासवर्ड माझा आहे. तुझं लग्न ठरेपर्यंत तू मला ज्या नावानं हाक मारायचास, तेच ठेवलंय मी."