बिनपगारी आमदार

मतदानाची रांग शाळेच्या दाराबाहेर आली होती आणि डेल्फिनो आर्चुलेटा पुन्हा राजधानी सांता फेमधल्या जुन्या हिवाळ्यांच्या आठवणींत शिरला होता. आमदारांना पगार द्यावा की नाही, यावर आज राज्यातल्या लोकांनी कौल द्यायचा होता. डेल्फिनो बावीस वर्षं आमदार होता. एकही डॉलर पगार न घेता.

दर जानेवारीत तो मेंढ्या बायकोवर सोपवून अधिवेशनाला निघायचा. भाड्याची खोली, हिरव्या मिरचीचा झणझणीत रस्सा, खिडकीबाहेर बर्फ आणि सभागृहात पाटाच्या पाण्यावरून रंगलेली भांडणं. पाण्याचा कायदा त्यानेच मंजूर करून घेतला होता. रांगेतल्या तरुण मुलींना तो सांगत होता, की आम्ही सेवा केली, नोकरी नाही. म्हणून आपलं मत 'नाही'लाच.

मागे उभी त्याची बायको युफेमिया नेहमीसारखी ऐकत होती. खोऱ्यातल्या दवाखान्यात तिने तीस वर्षं नर्सचं काम केलं होतं.

पुढे काठी टेकून उभा असलेला म्हातारा बेनितो लुसेरो हसला. त्या काळी खोऱ्यातला उमेदवार तोच ठरवायचा.

"पुरे रे सेवेचं कौतुक. तुझा नंबर दुसरा होता. आधी आम्ही उमेदवारी घेऊन युफेमियाकडे गेलो होतो. पाण्याच्या बैठकीत तीच तर सगळ्यांना गप्प करायची."

बेनितोला वाटत होतं, हे डेल्फिनोला ठाऊकच असेल. डेल्फिनोने वळून पाहिलं. युफेमियाने होकारार्थी मान हलवली.

"मग तू का नाही गेलीस?"

"पोरं लहान होती. मेंढ्यांवर आपलं घर कधी चाललं होतं? माझ्या पगारावर चालायचं. तो सोडून मी बिनपगारी कामाला गेले असते, तर खाल्लं काय असतं?" तिच्या आवाजात राग नव्हता. "आणि तू बोलायचास छान."

रांग पुढे सरकली. त्या मुलींनी अधिवेशनाचं आणखी काही विचारलं, ते डेल्फिनोला ऐकू गेलं नाही.

आडोशाआड त्याने मतपत्रिका समोर ठेवली. मग त्याने 'हो'समोरचा गोल काळजीपूर्वक काळा केला. बावीस वर्षं आपल्या खोऱ्याने चुकीच्या आर्चुलेटाला सांता फेला पाठवलं होतं.