राखण

फुलंब्रीकडचा मेंढपाळ त्रिंबक अकरा वर्षं एचआयव्हीची गोळी न चुकता घेत होता. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्तात विषाणू आता सापडत नाही. पण तुमच्या शरीराचे राखणदार, रोगाशी लढणाऱ्या पेशी, अजून जागेच आहेत. त्यांच्यामुळंच हृदयाच्या रक्तवाहिन्या सुजल्यात."

त्रिंबकानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"आमच्या कुत्र्याचं असंच झालं. लांडगा येईना झाला, तरी ते झोपंना. एका सकाळी बघतो तर मेंढराचं नरडं त्याच्याच दातात."

"मग मारलंत त्याला?"

"नाय. लांडगा मेला थोडाच हाय, लपलाय. कळप राखायला दुसरं कोण?"

बाईंनी स्टेथोस्कोप त्याच्या छातीजवळ नेला. त्रिंबक मागं सरकला.

"हळू लावा, बाई. आतल्या कुत्र्याला वाटंल, लांडगाच आला."