पवळीचा सांगावा

"तिला सुरी लागू द्यायची न्हाई," हौशीराम आप्पा म्हणाले आणि मेलेल्या पवळी गाईच्या आडवे उभे राहिले.

केंदूरच्या मळ्यात गोठ्यामागं जेसीबीनं खड्डा काढून ठेवला होता. मिठाची दोन पोती काठावर होती. पवळीच्या कपाळाला हळदकुंकू लागलं होतं. सकाळी ओला लसूणघास जास्त खाण्यात आला, पोट फुगलं आणि तासाभरात सगळं आटोपलं. दौंडच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर सुलक्षणा त्या दिवशी गावातल्या गाई तपासायला आल्या होत्या. आप्पांचा मुलगा सत्यजीत त्यांना धावत घेऊन आला, तोवर पवळीनं मान टाकली होती.

सुलक्षणांनी एकच मागणी केली होती. कुशीला वीतभर छेद घ्यायचा, दोन्ही अंडाशय काढायचे आणि चार तासांच्या आत दौंडला न्यायचे. आतली अंडी पिकली, तर दुसऱ्या गाईच्या पोटी पवळीचं वासरू वाढवता येईल.

पवळीची पणजी आप्पांच्या बायकोबरोबर, रंगुबाईबरोबर, माहेराहून आली होती. रंगुबाईला जाऊन दोन वर्षं झाली. पवळीला चार वेतं झाली, चारही गोऱ्हे. कालवड एकही नाही. तिच्याबरोबर ती ओळ संपत होती.

"आप्पा, बाईंना येळ न्हाई," सत्यजीत म्हणाला. "दुसऱ्यांच्या मयताला गावोगाव हिंडता, आन् घरच्या मयताला आडवं पडता व्हय?"

टोमणा खरा होता. भावकीत कुणी गेलं की सासरी नांदणाऱ्या लेकींना सांगावा न्यायचं काम चाळीस वर्षं आप्पांकडं होतं. फोन आले तरी ते सुटलं नाही. त्यांची रीत ठरलेली. दारात "आय गेली" म्हणायचं नाही. "जरा जास्त हाय, चल" म्हणायचं. आधी दोन घास खायला लावायचे, मग सांगायचं. तरी सांगितल्यावर लेक मटकन खाली बसायचीच. उभी राहिलेली त्यांनी एकही पाहिली नव्हती.

"बाई, ही मेली," आप्पा म्हणाले. "मग हिच्यातलं जित्तं कसं?"

सुलक्षणा पवळीजवळ उकिडव्या बसल्या. "ती अंडी पवळी जन्मायच्या आधीपासून थांबलेली आहेत, आप्पा. प्रत्येकीच्या भोवती बारीक पेशींचं कडं असतं. त्या पेशी एक रेणू आत सोडत राहतात. त्याचा अर्थ एवढाच, की थांब, अजून वेळ आहे. तो रेणू येतोय तोवर अंडं पिकत नाही."

"आन् आता?"

"आताही येतोय. अंडाशय उबदार आहे तोवर त्या पेशी आपलं काम करतायत. आम्ही अंडी बाहेर काढली की तो निरोप तुटतो. मग ती पिकायला लागतात."

आप्पांनी पवळीच्या शिंगावर हात ठेवला.

"म्हंजी आय गेल्याचं त्यांना अजून ठावंच न्हाई."

"नाही," सुलक्षणा म्हणाल्या.

"आन् तुमी जाऊन सांगणार."

"तसंच म्हणा."

आप्पा बाजूला झाले. छेद होईस्तोवर त्यांनी तोंड फिरवून ठेवलं. मग पवळीला खड्ड्यात ठेवून मीठ टाकायचं काम त्यांनी सत्यजीतवर सोपवलं, अंडाशय ठेवलेला थर्मास उचलला आणि सुलक्षणांच्या गाडीत जाऊन बसले. "लेकींचा सांगावा हाय," ते म्हणाले. "मलाच न्यावा लागंल."

न्हावरं गेलं, चौफुला गेला, वरवंड गेलं. थर्मास त्यांनी मांडीवरून हलू दिला नाही. प्रयोगशाळेच्या काचेच्या दारापाशी तो सुलक्षणांच्या हातात देताना ते थबकले.

"एकदम सांगू नका. आधी खायाला घाला."

तिथला सहायक हसला. सुलक्षणा हसल्या नाहीत. "खायला आहे, आप्पा. ज्या बशीत ठेवतो, तिच्यात सगळं घातलेलं असतं. आणि भोवतीच्या पेशीही सोबत ठेवतो. एकटं नाही सोडत."

"मग बरंय."

दुपारी एक वाजता सुईनं अकरा अंडी निघाली. बशी उबेच्या पेटीत गेली. पिकायला एक दिवस लागतो, असं सांगून आप्पांना घरी जायला सुचवण्यात आलं. ते गेले नाहीत. दौंडच्या रेल्वे कॉलनीत पुतणीचं घर होतं, तिथं मुक्काम केला. पुतणीनं नेहमीच्या भीतीनं विचारलं, "आप्पा, कोण गेलं?" ते चपला काढून आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी एकला ते काचेच्या दाराबाहेर उभे होते. सुलक्षणा सूक्ष्मदर्शकातून, किती अंडी पिकली ते मोजत होत्या. मग त्या बाहेर आल्या.

"सांगितलं का त्यांना?" आप्पांनी विचारलं. बोलताना त्यांचा हात सवयीनं पुढं आला, खाली बसणारीला सावरायला यायचा तसा.

"सांगितलं, आप्पा," सुलक्षणा म्हणाल्या. "अकरापैकी नऊ उठून उभ्या राहिल्या."