सत्तावीस नंबरचा शिक्का

खंडेनवमीला कारखान्यात लेथ मशीनची पूजा झाली. मी तपासून शिक्का मारलेला एक पितळी पार्ट मालकांनी पूजेत ठेवला. "शैलाताईंच्या हातून गेलेला माल कधी परत येत नाही," ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी लाजले.

घरी टीव्हीवर परदेशातलं युद्ध चालू होतं. पडलेल्या शाळेपुढे एक बाई बॉम्बचा पितळी तुकडा कॅमेऱ्यासमोर धरून ओरडत होती. त्यावर आमच्या कारखान्याच्या शिक्क्यातलं चक्र होतं, खाली सत्तावीस. माझा नंबर.

"मालक तर पंपाचे पार्ट म्हणाले होते ना?" ह्यांनी विचारलं. "तुला काय माहीत असणार!"

खोक्यांवर कधी पत्ता नसायचा. सात वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

ती बाई हात खाली घेईना. माझा माल परत आला होता.