आप्पांनी मारलेल्या रेघा

“त्या प्लेटा टाकून दे, चिमणे,” दादा म्हणाला. “आप्पाच राहिले नाहीत. आता मुळं बघून काय करणार?”

“सोक्षमोक्ष लावणार. मुळं खोटं बोलत नाहीत.”

दादा टेबलावरचे कप गोळा करायला लागला. चोराच्या मनात चांदणं, असं तिला वाटलं.

आप्पांना जाऊन आठ दिवस झाले होते. उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले; खोली काही तास तरी तापली असणार. मंगळवारी संध्याकाळपर्यंत त्यांच्याजवळ बसायची तिची पाळी, मग दादाची. बुधवारी सकाळी आप्पा गेले.

“माझ्या पाळीत एसी चालू होता,” ती म्हणाली. “दुपारी आप्पा कुडकुडले म्हणून दहा मिनिटं बंद केला, तेवढाच. मग दार लावून बाहेर लिहीत बसले. तू आलास तेव्हा ते गाढ झोपले होते, तूच त्यांना उठवलंस.”

“हो ना. माझ्याच हातून बंद राहिला असेल.”

“असेल म्हणजे?”

दादा कप घेऊन आत गेला. त्या क्षणी तिला त्याचा मनापासून राग आला.

लॅबचं थंड कपाट बिघडलं म्हणून तिने रोपं वाढवायच्या उभ्या, पारदर्शक प्लेटा आप्पांच्या खोलीत ठेवल्या होत्या. त्या रोपांच्या एका जनुकात बारीकसा बदल होता. गारव्यात वाढलेल्या मुळावर दाट लव यायची. खोली तापली की तेवढ्या वेळात वाढलेला तुकडा बोडका राहायचा. “म्हणजे माझ्यासारखंच, उन्हात टक्कल!” असं म्हणून आप्पा हसले होते. दादाही तेव्हा शेजारीच बसला होता. जन्मभर नकाशे काढलेले आप्पा रोज सकाळ-संध्याकाळ मुळाच्या टोकाशी प्लेटवर रेघ मारायचे. खाटेवर पडल्या पडल्या तेवढाच उद्योग.

आप्पा गेले त्याच दिवशी तिने प्लेटा लॅबच्या फ्रीजमध्ये हलवल्या होत्या. आज धीर करून एक काढली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

आधी तिने दादाची पाळी शोधली. मंगळवार संध्याकाळची रेघ वेडीवाकडी, थरथरलेली होती. तिच्याखाली मुळाला लव होती, दाट, टोकापर्यंत.

तिने पुन्हा पाहिलं. दुसरी प्लेट काढली, तिसरी काढली. मग सावकाश वर सरकत ती मंगळवार सकाळच्या रेघेपाशी आली.

ती रेघ ताठ होती. तिच्याखाली थोडी लव होती, आणि मग थेट त्या थरथरलेल्या रेघेपर्यंत टक्कल.